नागाला हात नसतात : बालवाडीतल्या मुलांना योग शिकवताना

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. तुम्ही इंदिरानगरला बालवाडीत शिकवता, साडेतीन ते सहा वर्षांची बावीस मुलं आहेत, शाळेने आठवड्यातून दोनदा योग घ्यायला सांगितलाय, तुम्ही स्वतः दोन वर्षं योगवर्गाला जाता पण मुलांना कधी शिकवलेलं नाही. पहिल्याच दिवशी ताडासन म्हटल्यावर निम्मी मुलं पळाली, दोघांनी मॅटच्या गुंडाळ्या करून तलवारी खेळायला घेतल्या आणि एक मुलगी रडायला लागली. त्यात गॅदरिंगला सूर्यनमस्कार बसवायचेत. कुणीतरी तुम्हाला म्हणालं गोष्टीतून घ्या, खेळातून घ्या, तर ते नेमकं कसं घ्यायचं, आणि त्यात योग किती आणि नुसता दंगा किती, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिकमध्येच मुलांचे वर्ग घेते, पंधरा वर्षं झाली, त्याआधी बरीच वर्षं मोठ्यांचे घ्यायचे. सुरुवातीला मीही मोठ्यांचाच वर्ग लहान करून मुलांना द्यायचे, आसनं तीच, सूचना त्याच, फक्त वेळ कमी. एका चार वर्षांच्या मुलीचा पाय मी वृक्षासनात हाताने धरून मांडीवर लावून दिला, तो घसरला, परत लावला, परत घसरला, तिसऱ्या वेळी तिने पाय खाली ठेवला आणि हात मागे बांधून उभी राहिली. रडली वगैरे नाही. पण पुढचा पूर्ण महिना ती तशीच हात मागे बांधून उभी राहायची, काहीच करायची नाही. चूक माझी होती. त्याच महिन्यात दुसरा एक मुलगा एका पायावर डुगडुगत मला सांगायला लागला की ताई माझ्या फांदीवर खार बसलीय, आणि सांगता सांगता तो स्थिर झाला, कारण हललो तर खार पळेल ही त्याची काळजी होती. मी हाताने धरून जे करायला बघत होते ते त्या खारीने करून दाखवलं. तेव्हापासून मी एकच गोष्ट पाळते, आसन चुकलं तर मुलाचं अंग दुरुस्त करायचं नाही, गोष्ट दुरुस्त करायची. तुमच्या सगळ्या प्रश्नांची माझी उत्तरं यातूनच निघतात.

आधी तुमच्या मनातली शंका, की हा खरा योग आहे का. घेरण्डसंहिता हा हठयोगाचा जुना ग्रंथ, त्यात आसनांचा भाग सुरू होतो तोच मुळी असा, की जितक्या जीवजाती तितकी आसनं, शिवाने चौऱ्याऐंशी लाख सांगितली, त्यातली ८४ श्रेष्ठ आणि ३२ माणसाच्या कामाची. आणि ती ३२ वाचून बघा, सिंह, मत्स्य, मयूर, कुक्कुट, कूर्म, मंडूक, गरुड, वृषभ, शलभ, मकर, उष्ट्र, भुजंग, जवळपास निम्मी प्राण्यांचीच आहेत. म्हणजे कुणीतरी कासवाकडे, मोराकडे, टोळाकडे खूप वेळ बघत बसलेलं असणार. मोठ्यांच्या वर्गात आपण ती नावं नुसती उच्चारतो, भुजंगासन म्हणताना कुणाला भुजंग दिसत नाही. चार वर्षांच्या मुलाला दिसतो. त्यामुळे गोष्ट म्हणजे औषधाला लावलेला मध आहे असं मला अजिबात वाटत नाही, उलट मला वाटतं मूळ तेच आहे.

आता नागाचंच उदाहरण सविस्तर घेते कारण यात सगळ्यात जास्त चुका होतात. मुलांना नुसतं भुजंगासन करा म्हटलं की ती हातावर पूर्ण जोर देऊन कोपरं ताठ करतात, मान मागे टाकतात, आणि सगळा ताण कंबरेत एका जागी येतो. लहान मुलांचे सांधे सैल असतात म्हणून ती खूप मागे वाकतात, आपल्याला कौतुक वाटतं, आपण टाळ्या वाजवतो, मग ती अजून वाकतात. हे कौतुक आधी बंद करायचं. मी काय करते, मुलं पोटावर झोपली की म्हणते नाग बिळात झोपलाय, ऊन आलं, आता हळूच डोकं बाहेर काढा, पण नागाला हात असतात का? नाही! सगळी ओरडतात. मग हात कुठे ठेवायचे? कुणी पाठीवर ठेवतं, कुणी अंगाला चिकटवतं. आता हात नसलेला नाग वर उठतो तो पाठीच्या स्नायूंच्या जोरावर, आणि हातांशिवाय मूल उठून उठून किती उठणार, चार बोटं. तेवढंच हवं असतं. आणि मान मागे जाऊ नये म्हणून समोर उंदीर ठेवायचा, मी डस्टर ठेवते, नागाची नजर उंदरावर. ‘मान वर नको’ हे एकदाही म्हणावं लागत नाही. मग सगळे फुस्स करतात, फुस्स म्हणजे लांब उच्छ्वास, तो संपला की नाग आपोआप खाली.

असंच बाकीच्यांचं. नौकासनात मुलं श्वास धरून चेहरा लाल करतात, तर नावाडी गाणं म्हणतो असं ठरवायचं, जो गातोय त्याला श्वास धरताच येत नाही. बेडूकउड्या मारताना धप्पकन टाचांवर पडतात आणि गुडघे आत येतात, तर बेडूक कमळाच्या पानावर उतरतोय, आवाज झाला तर पान बुडेल, लगेच चवड्यांवर हलकी उतरतात. झाड डुगडुगत असेल तर शेजारच्या झाडाला फांदी टेकवा, म्हणजे एकमेकांच्या तळहाताला तळहात, आणि पाय मांडीवर नाहीच ठेवायचा, घोट्याला टेकवला तरी झाड झालं. एका पायावर उभं राहणं साडेतीन वर्षांच्या मुलाला दोन-तीन सेकंदच जमतं, पाच वर्षांचं झालं की आठ-दहा सेकंदांपर्यंत जातं, हा वाढीचा भाग आहे, शिकवण्यात काही कमी नाही. त्यामुळे एक दोन तीन मोजत थांबवायचं नाही. मी आकडे म्हणतच नाही, ‘पुलाखालून दोन मासे गेले’ म्हणते, कधी मासे हळू जातात कधी पटकन, समोरची मुलं बघून मी ठरवते.

आता पूर्ण वर्ग कसा बांधायचा. सुटं सुटं आसन घेतलं, आता सिंह आता झाड आता मांजर, तर दोन मिनिटांत दंगा होतो कारण एकातून दुसऱ्यात जायला कारणच नसतं. प्रवास लागतो. आणि आपल्याकडे तर प्रवास तयार आहे, गोदावरी. माझ्या वर्गात हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा झालीय, मुलं स्वतः मागतात.

सुरुवात त्र्यंबकला, ब्रह्मगिरी. सगळे डोंगर होऊन उभे, पाय जमिनीत रोवलेले, हात वर जोडून शिखर. वरून पाऊस पडतो, म्हणजे मी फिरत फिरत बोटांनी मॅटवर टपटप करते. मग नदी निघते, हात खाली, कंबरेतून वाकून लाटा, गुडघे हवे तेवढे वाकवा. मग गंगापूर धरण, इथे सगळी मुलं खांद्याला खांदा लावून भिंत होतात आणि मी पाणी होऊन हलकेच ढकलते, भिंत हलायची नाही, पाय आणि पोट किती घट्ट होतं बघा. भिंत म्हणून उभं राहिलेलं मूल शांतच उभं असतं, वीस सेकंदसुद्धा, एरवी तेच मूल पाच सेकंद टिकत नाही. धरणाचं दार उघडलं की पाणी सुटतं, इथे मी एक फेरी पळू देते, ठरवून, कारण पळणं त्यांच्या अंगात असतंच, त्याला गोष्टीत जागा दिली की ते मध्येच उफाळत नाही.

मग शहर येतं. दुतोंड्या मारुती, गोदावरीच्या पात्रातली उंच मूर्ती. हा भाग माझा सगळ्यात आवडता आहे. नाशिकच्या मुलाला सांगावं लागत नाही, पावसाळ्यात घरी हेच बोलणं असतं की मारुतीच्या कुठपर्यंत पाणी लागलं, गुडघ्याला, कंबरेला, छातीला. तर मुलं मारुती होऊन उभी राहतात आणि मी सांगते पाणी घोट्याला लागलं, तिथे लक्ष न्या, घोटे घट्ट. आता गुडघ्याला. आता मांडीला. आता पोटाला, पोट आत बाहेर होतंय का बघा. आता छातीला. आणि मग पाणी उतरायला लागतं, छाती मोकळी, पोट मोकळं, गुडघे मोकळे. मोठ्यांना आपण योगनिद्रेत शरीरावरून मन फिरवायला सांगतो ना, हे तेच आहे, फक्त उभ्याने, डोळे उघडे ठेवून. एकदा एक मुलगा पूर उतरल्यावर म्हणाला ताई माझा डावा गुडघा अजून ओला आहे. मी वाकून बघितलं तर खरंच त्याने तो एकच गुडघा घट्ट आवळून धरला होता. साडेचार वर्षांच्या मुलाला स्वतःच्या एका गुडघ्यातला ताण कळला, यापेक्षा जास्त मी मोठ्यांच्या वर्गातही मागत नाही.

पुढे गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा. दोन्ही पाय पसरून उभं राहायचं, हात सैल, कंबरेतून डावी-उजवीकडे झोका आणि तोंड बंद ठेवून मोठ्ठा ‘म्म्म्’ असा नाद, घंटेचा आवाज कसा विरत जातो तसा तो विरेपर्यंत ऐकायचा. भ्रामरीची, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडण्याच्या प्राणायामाचीच ही तयारी आहे. कान बोटांनी दाबून ठेवायला लहान मुलांना सांगू नका, जोरात खुपसतात, तळहात कानावर ठेवले तरी पुरे. माझ्या वर्गात सगळ्या धर्मांच्या घरांतली मुलं येतात, कुणाच्या घरी ॐ म्हणतात कुणाच्या नाही, भुंगा आणि घंटा सगळ्यांची असते, म्हणून मी नादासाठी तेच वापरते. मग रामकुंडावर होडी, थोडं पुढे बेडूक, मासे, कासव, आणि शेवटी नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यातले पक्षी. तिथे कादवा गोदावरीला मिळते, २०२० मध्ये त्या अभयारण्याला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता, महाराष्ट्रातलं ते पहिलं. मुलांना रामसरचं काही घेणंदेणं नाही पण एका पायावर उभा बगळा आणि रोहित पक्षी त्यांना माहीत असतात, काही जण आईबाबांबरोबर जाऊन बघून आलेले असतात आणि ते मलाच शिकवतात की ताई रोहित मान खाली घालून खातो. घातली मान खाली. चमच्या पक्षी चोच पाण्यात इकडून तिकडे फिरवतो हे पण मला एका मुलीनेच करून दाखवलं.

रोज गोदावरी नको, पंधरा दिवस झाले की बदला. पंचवटी एक्सप्रेस घ्या, निम्मी मुलं हातपाय टेकवून कंबर वर करून कसाऱ्याचा बोगदा होतात आणि उरलेली गाडी होऊन खालून रांगत जातात, मग अदलाबदल. यात बोगद्याला जे आसन घडतं ते मोठ्यांच्या भाषेत अधोमुखश्वानासन, आणि गाडी पूर्ण जाईपर्यंत बोगदा खाली बसायचा नाही ही जबाबदारी मुलं फार मनावर घेतात. द्राक्षाची बाग घ्या, हात वर करून मांडव, आणि गारपीट आली की सगळे घड खाली वाकून शशांकासनात स्वतःला झाकून घेतात, ज्यांच्या घरी निफाड-दिंडोरीकडे शेती आहे ती मुलं हे फार गंभीरपणे करतात. अंजनेरीवरून मारुतीची उडी आहे, सीतागुंफेतून वाकून रांगत जाणं आहे. शिवाय आपले जुने खेळ, डोंगर का पाणी, स्टॅच्यू, चिमणी उडे कावळा उडे, मंगळागौरीतला कोंबडा आणि गाठोडं, यात आसनं आधीच आहेत, आजीला विचारा ती तुम्हाला चार जास्त सांगेल.

आणि मुलांना सुचवू द्या. एकदा मी विचारलं आज आपण काय काय होऊया, तर एक जण म्हणाला मिसळ. सगळे हसले, मी त्याला विचारलं कशी होणार मिसळ, तर तो खाली बसला आणि तर्री तिखट लागल्यासारखं दातांतून ‘स्स्स्’ करत हवा आत ओढली आणि ‘हा’ करून सोडली. आता हठप्रदीपिकेत सीत्कारी म्हणून जो प्राणायाम आहे तो हाच, तोंडाने सीत्कार करत श्वास आत घ्यायचा आणि नाकाने सोडायचा. त्या मुलाला ग्रंथ माहीत नव्हता, कॉलेज रोडची मिसळ माहीत होती. मी फक्त एवढंच जोडलं की आता तोंड बंद करून नाकाने सोडा, दोन वेळा, बस. तेव्हापासून माझ्या वर्गात मिसळ आहे. मात्र थंडीत घेत नाही, आणि सर्दी झालेल्या मुलांना त्यातून वगळते.

श्वासाबद्दल थोडं कडक बोलते कारण इथे लोक चुकतात. लहान मुलं मिनिटाला वीस-पंचवीस वेळा श्वास घेतात, आपल्यापेक्षा खूप जलद, ते त्यांच्यासाठी बरोबरच असतं. तर चार मोजून घ्या, चार मोजून धरा, सहा मोजून सोडा हे त्यांना लावायचं नाही. श्वास रोखणं नाही, कपालभाती नाही, भस्त्रिका नाही. जोरजोरात भराभर श्वास घेतल्याने चक्कर येते, आणि ज्यांना फिट येण्याचा त्रास आहे अशा काही मुलांना त्याने फिट येऊ शकते. फक्त सोडणं लांब करायचं, आणि त्यासाठी साबणाचे फुगे, कापसाचा बोळा फुंकत जमिनीवरून पलीकडे नेणं, गरम चहा फुंकणं, मेणबत्तीची ज्योत नुसती हलवायची पण विझवायची नाही (मेणबत्ती म्हणजे स्वतःचं बोट, खरी नको), एवढं भरपूर आहे. लांब सोडला की पुढचा श्वास आपोआप खोल येतो.

बाकीचे नियम पटकन सांगते. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन हे या वयात नाही, पाच-सहा वर्षांच्या मुलाचं डोकं त्याच्या उंचीच्या मानाने मोठं असतं, साधारण सहावा भाग, आपलं सातवा-आठवा, आणि मान अजून तेवढी भक्कम नसते. पद्मासन हाताने ओढून लावू नका, साधी मांडी चांगली, फतकल मारून बसलं तरी चालेल. डाऊन सिंड्रोम असलेलं मूल असेल तर मानेवर भार येईल किंवा मान झटकन वळेल असं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, त्यांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. दमा असलेल्या मुलाचा पंप दप्तरात नको, तुमच्या हाताशी हवा. डबा खाऊन दीड-दोन तास तरी जाऊ द्या, म्हणजे सोप्यात सोपं म्हणजे वर्ग डब्याच्या आधी घ्या. अनवाणी, मोजे काढून, कारण फरशीवर घसरतात. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे फरशी गारठलेली असते तेव्हा मॅटखाली सतरंजी घाला नाहीतर शेवटची विश्रांती होतच नाही. आणि मुलाला हात लावण्याआधी विचारा, दरवेळी, ‘मी तुझ्या फांदीला हात लावू का’. नाही म्हटलं तर नाही लावायचा.

वेळ वीस मिनिटं, अगदी पंचवीस. त्यात हालचाल आणि शांतता आलटून पालटून, तीन मिनिटं जोरात एक मिनिट हळू असं. मॅटी आधी अंथरून ठेवा, गोलात, ओळीत नको. गोलात सगळ्यांना सगळे दिसतात, शेवटची ओळ नसते. तुमच्या तलवारी मॅट हातात दिल्यामुळे झाल्या. आणि तुम्ही मुलांकडे तोंड करून उभ्या राहणार, त्यामुळे तुम्ही डावा पाय उचलला की ती उजवा उचलतील, आरशासारखं, तर डावा-उजवा म्हणूच नका, ‘खिडकीकडचा पाय’, ‘दाराकडचा पाय’ म्हणा. मावशींना सांगून ठेवा की जे मूल बाहेर जाईल त्याच्या मागे पळू नका, दाराजवळ फक्त बसा. जे मूल करत नाही त्याला गोष्टीतलं काम द्या, नदीकाठचा दगड व्हायचं, नाहीतर पाऊस पाडायचा. तुमची रडणारी मुलगी मला वाटतं मॅट एकटीची असल्यामुळे रडली असेल, या वयात काहींना स्वतःची वेगळी जागा म्हणजे एकटं पडल्यासारखं वाटतं, तिला तुमच्या मॅटवर घ्या आठवडाभर.

सिंह झाल्यावर शेजाऱ्याला ओरबाडणारा एक तरी असतोच. त्याला ‘असं करायचं नाही’ म्हटलं की तो अजून सिंह होतो. त्याला सांगा सिंहाचं पिल्लू झोपलंय, तू राखण कर. राखण करणारा सिंह दबक्या पावलांनी फिरतो, हे मी शंभर वेळा तरी बघितलंय. आणि कुणाला एखादा प्राणी नको असेल तर लगेच बदला, माझ्याकडे एका मुलीच्या घरामागे खरंच साप निघाला होता, तिला नाग म्हटलं की घाम फुटायचा, आम्ही तिच्यासाठी नागाचा काकडीचा वेल केला, आसन तेच.

गोष्टीतून परत आणायला मात्र विसरू नका. हे फार कुणी सांगत नाही. वर्ग संपताना मी सगळ्यांना बसवते, तळहात एकमेकांवर घासून गरम करून गालांवर ठेवायचे आणि प्रत्येकाने आपलं नाव सांगायचं. म्हणजे बेडूक संपला, मी आलो. हे नाही केलं तर पुढच्या बाई गणित घ्यायला येतात तेव्हा चार बेडूक बाकावर असतात.

त्याआधीची विश्रांती, शवासन. हा शब्द मी मुलांना सांगत नाही, आणि डोळे मिटा असंही म्हणत नाही, बऱ्याच मुलांना दिवसा सगळ्यांसमोर डोळे मिटायची भीती वाटते. मी प्रत्येकासाठी सुती कापडाच्या तळहाताएवढ्या पिशव्या शिवल्यात, आत दोन मुठी ज्वारी. मुलं पाठीवर झोपतात, पिशवी बेंबीवर, ती होडी आणि पोट म्हणजे गोदावरीचं पाणी. होडी वर जाते, होडी खाली येते, बघत राहायचं. मान थोडी उचलून बघतात सुरुवातीला, बघू द्या, नंतर थकून आपोआप टेकवतात आणि मग होडी दिसत नाही, फक्त जाणवते. एकदा एक मुलगी, वर्गात सगळ्यात जास्त बोलणारी, मला जवळ बोलावून कानात म्हणाली, ताई होडी हलतेय पण मी हलवत नाहीये. आणि परत वर बघत पडून राहिली. पहिल्या महिन्यात एक मिनिट खूप झालं, नंतर दोन, सहा वर्षांची मुलं तीनपर्यंत जातात. या वेळात बोलू नका, संगीत लावू नका, बाहेरचा रिक्षाचा हॉर्न, शेजारच्या वर्गातले पाढे, सगळं येऊ दे.

आता गॅदरिंग. मी स्पष्ट सांगते, सात-आठ वर्षांच्या आधी मोजून, ओळीत, ठेक्यावर सूर्यनमस्कार बसवायला माझा विरोध आहे. एका वर्षी २१ जूनच्या योगदिनाच्या कार्यक्रमात मी साडेतीन वर्षांची मुलं पाऊण तास फोटोसाठी ओळीत उभी केलेली बघितलीत, पाहुणे यायचे होते म्हणून, आणि त्यातल्या बऱ्याच मुलांना नंतर योग हा शब्दच नको झाला. तर तुम्ही मुख्याध्यापिकांना असं सुचवा की आम्ही ‘गोदावरीचा प्रवास’ करून दाखवतो, सात मिनिटांचा, एक जण निवेदन करेल, मुलं गोलात. मोठ्या गटातल्या सहा वर्षांच्या मुलांना ब्रह्मगिरी आणि लाटा दिल्या तर सूर्यनमस्कारातल्या पहिल्या तीन-चार स्थिती त्यात येऊनच जातात, शाळेलाही वाटेल की बसवलंय काहीतरी. वेगळी प्रॅक्टिस घेऊ नका, रोजचाच वर्ग स्टेजवर न्या. एखाद्याने स्टेजवर मध्येच हात हलवून आईला टाटा केला तर करू दे.

पेरेंट्सना एक निरोप द्या, पाहुण्यांसमोर ‘दाखव बरं तुझं आसन’ म्हणू नका. त्याऐवजी विचारा आज कुठे जाऊन आलात. मूल सांगेल त्र्यंबकला, आणि बहुतेक सांगता सांगता करूनही दाखवेल. आणि मोबाईलवर व्हिडिओ लावून त्याच्यासमोर मुलांना उभं करणं हा वर्ग नाही, कितीही छान ॲनिमेशन असलं तरी, स्क्रीनकडे बघताना मान एका जागी अडकते आणि पडद्यावरच्या नागाला तुमच्या वर्गातल्या मुलाची कोपरं दिसत नाहीत.

तुम्ही या सोमवारी फक्त तीन गोष्टी घ्या, डोंगर, बेडूक आणि पोटावरची होडी. त्यांना जोडणारा पाऊस आणि नदी तुम्ही सांगा. बाकी पुढच्या आठवड्यात. पिशव्या शिवताना कापड दुहेरी घ्या आणि टाके बारीक घाला, शक्यतो मशीनवर, दर महिन्याला उसवल्यात का ते बघा, साडेतीन वर्षांची मुलं ज्वारीचे दाणे नाकात घालतात.